लेझर जायरोत एक गोष्ट मात्र हलते

लेझर जायरोत, म्हणजे विमानाचं वळण लेझर किरणांनी मोजणाऱ्या उपकरणात, हलणारा एकही भाग नसतो असं म्हटलं जातं; त्या विधानात थोडी भर घालतो. काचेच्या त्रिकोणी ठोकळ्यात दोन किरण एकमेकांच्या उलट दिशांनी फिरत असतात. विमान वळलं की एका किरणाची फेरी किंचित लांबते, दुसऱ्याची आखडते. मग दोघांच्या वारंवारितेत फरक पडतो. किरण एकत्र आणले की प्रकाश-अंधाराचे पट्टे सरकताना दिसतात. ते मोजले की वळण कळलं. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ सान्याकने हा परिणाम १९१३ मध्येच दाखवला होता.

खरी अडचण अगदी मंद वळणात येते. आरशांवरून थोडासा प्रकाश उलटा विखुरतो आणि दोन्ही किरणांच्या वारंवारिता एकमेकींना चिकटतात. फरक शून्य! विमान वळतंय, पण जायरो गप्प. म्हणून बहुतेक जायरोंत अख्खा ठोकळाच सेकंदाला काहीशे वेळा इवल्याशा कोनात थरथरवत ठेवतात आणि ती थरथर हिशेबातून वजा करतात. मला हा उपाय विलक्षण सुंदर वाटतो.

उड्डाणाआधी उभ्या विमानात याच जायरोंना पृथ्वीचं ताशी १५ अंशांचं फिरणं जाणवतं. त्यावरूनच खरी उत्तर दिशा ठरते, म्हणून तेवढा वेळ विमान जागचं हलवायचं नसतं.