मॉरिशस: आप्रवासी घाट आणि ल मोर्न एकाच दिवशी जमेल का? (सोबत आई-बाबा)

नेत्रा_७८:
नमस्कार मंडळी, फेब्रुवारीत आई-बाबांना घेऊन मॉरिशसला चाललेय. टूरवाल्याने सात दिवसांत बीच, बीच आणि परत बीच एवढंच भरलंय. बाबांना मात्र आप्रवासी घाट बघायचाच आहे, म्हणजे पूर्वी भारतातून करारावर नेलेले मजूर जिथे उतरायचे ते ठिकाण. आमच्या घरात एक गोष्ट चालत आलीये, की बाबांच्या खापरपणजोबांचा धाकटा भाऊ रत्नागिरीकडून मुंबईला गेला, तिथून मॉरिशसच्या बोटीत बसला आणि पुढे पत्ताच नाही. खरं-खोटं देव जाणे, कागदाचा कपटा नाही. तर सकाळी घाट आणि दुपारी ल मोर्नचा डोंगर होईल का? बाबा ७२चे आहेत, हळवे आहेत, फार जड तर नाही ना जाणार?

वाटसरू:
होईल, पण करू नका. आम्ही केलं आणि फसलो. घाट पोर्ट लुईसमध्ये बंदरालगत आहे, शेजारून हायवे जातो (मजुरांच्या जुन्या डेपोचा बराच भाग त्या रस्त्यानेच खाल्लाय), त्यामुळे आधी वाटतं, हात्तिच्या, एवढंच? भिंती, स्वयंपाकघराचं जोतं, मोऱ्या, हॉस्पिटलच्या खोल्या आणि बोटीतून उतरलेले मजूर चढायचे त्या सोळा पायऱ्या. काळा दगड, आपल्याकडे नदीच्या घाटाला असतो तसाच. माझ्या सासऱ्यांनी पायऱ्यांपाशी चपला काढल्या, कोणी सांगितलं नव्हतं हां, आणि वाकून पायरीला हात लावला, देवळाच्या उंबऱ्याला लावतो तसा. मग तिथेच उभे, बोलेनात. मला वाटलं गुडघा धरला.
शेजारचं म्युझियम आधी बघा, नाहीतर नुसते दगड दिसतात. १८३४ ते १९२० मध्ये साडेचार लाखांवर माणसं या बेटावर करारावर आली, बहुतेक सगळी आपल्याच देशातली. ५ वर्षांचा करार, महिना ५ रुपये, आणि एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापायचा! आमच्या ऑफिसातल्या एचआरला सांगू नका.
तिथून निघालो तर ड्रायव्हरने थेट जहाजांची मॉडेलं विकणाऱ्या दुकानात नेलं, कमिशन असणार. काचेत शिडाची सुंदर सुंदर जहाजं, सासरे एकदा बघून बाहेर गाडीत जाऊन बसले. त्यानंतर ल मोर्नला पोचलो तेव्हा कोणाचंच लक्ष नव्हतं, समोर एवढा डोंगर आणि आम्ही हॉटेलवर जेवायला काय असेल ते बोलत होतो.

बेटकर:
इथे मॉरिशसमध्येच एबेनला चार वर्षं नोकरीला आहे. ताई, घाटावर नाव सापडेल या आशेने जाऊ नका, मजुरांची जुनी रजिस्टरं मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. आधी मेल टाका, गाव आणि अंदाजे साल तरी हवं. आणि आडनावावर जाऊ नका. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं, वर प्रत्येकाला एक नंबर. माझ्या टीममधल्या मराठी पोराचं आडनाव म्हणजे त्याच्या पणजोबांच्या वडिलांचं पाळण्यातलं नाव आहे, मूळ आडनाव कोणालाच ठाऊक नाही. घरात क्रिओल (इथली बोली) बोलतात, पण गणपतीत आरती मराठीत, सुट्टीपण असते, आणि जाखडी नाचतात. आपल्या कोकणातली जाखडी! ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी घरी फोन लावून नुसताच धरला होता, आई हॅलो हॅलो करतेय.

सह्याद्री_पोरगी:
वाटसरू दादांशी असहमत 🙂 दोन्ही एकत्रच बघावं. १ फेब्रुवारी १८३५ला इथली गुलामगिरी संपली, उसाच्या मळ्यांना हात कमी पडणार म्हणूनच तर आपली माणसं आणली. ल मोर्नच्या कड्यांत पळून आलेले गुलाम लपायचे. लोक सांगतात की सुटका झाली हे सांगायला शिपाई वर येताना दिसले आणि ते धरायलाच आलेत असं वाटून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या. दंतकथाच, पण पायथ्याशी स्मारक आहे तिथे उभं राहिलं की अंगावर येते. १ तारखेला तिकडे असाल तर सुट्टी आणि कार्यक्रम असतो. चढायच्या भानगडीत मात्र बाबांना पाडू नका, आणि फेब्रुवारी म्हणजे चक्रीवादळांचा सीझन, एक दिवस हातचा ठेवा.

नेत्रा_७८:
सगळ्यांना थँक्यू! बाबांना सगळं वाचून दाखवलं. दोन वेगळे दिवस ठरवलेत, एक बीच उडवला, आई रुसलीये. मोकाला मेल आजच टाकते, गावाचं नाव बाबांनी कागदावर दोनदा लिहून दिलंय, एकदा आत्ताचं आणि एकदा म्हातारी माणसं म्हणायची तसं. बाकी बाबा विचारतायत की ते चपला काढणारे सासरे कुठले?

वाटसरू:
गुहागर. आणि टोपी न्या, ऊन फार लागतं.