घरातल्या सुया द्यायच्या कुठे? नाशिककरांचा अनुभव धागा

इन्सुलिनच्या सुया, शुगर तपासायच्या लॅन्सेट, रक्त पातळ ठेवायची भरलेली इंजेक्शनं. दवाखान्यात यांच्यासाठी पांढरा डबा ठरलेला असतो. त्याच सुया घरी वापरल्या की घंटागाडीवाल्यालाही कळत नाही त्या कुठे टाकायच्या, आणि आपल्यालाही. या कामाशी रोजचा संबंध असलेल्यांनी नेमकं लिहावं: डबा कोणता, घेतं कोण, नाकारतं का, घोटाळा कुठे होतो. दवाखान्यांची आणि माणसांची नावं नकोत.

मधुमेह समुपदेशक, कॉलेज रोड

आधी हिशेब. दिवसाला चारदा इन्सुलिन आणि चारदा शुगर तपासणी म्हणजे रोज ८ आणि महिन्याला २४० टोकदार वस्तू, एका माणसाच्या.

इन्सुलिन पेनच्या सुईला दोन टोकं असतात, हे बऱ्याच घरांत माहीत नसतं. कातडीत जाणारं ४ मिलिमीटरचं टोक सगळ्यांना दिसतं. मागचं टोक कार्ट्रिजच्या, म्हणजे पेनमधल्या औषधाच्या नळीच्या, रबरात घुसलेलं असतं, ते सुई पेनवरून काढल्यावर उघडं पडतं. मोठं टोपण लावलं तरी मागची बाजू उघडीच राहते. त्यामुळे "टोपण लावलंय, टाका कचऱ्यात" हे अजिबात चालणार नाही. आतलं बारीक टोपण परत बसवायला जाऊ नका, बोटाला सुई लागते ती तिथेच. बाहेरचं मोठं टोपण टेबलावर उभं ठेवायचं, दुसरा हात लांब ठेवून पेन सरळ त्यात उतरवायचं, दाबून फिरवायचं. सुई टोपणासकट निघते, तशीच डब्यात टाकायची.

लाल टोपीच्या ४० युनिटवाल्या सिरिंजची सुई पक्की बसवलेली असते, निघत नाही. ती वाकवायची नाही, मोडायची नाही, मेणबत्तीवर जाळायची तर मुळीच नाही. अख्खी सिरिंज डब्यात. शुगरच्या पट्ट्या आणि कापसाचे बोळे मात्र डब्यात घालू नका, जागा उगाच भरते. ते कागदात गुंडाळून सॅनिटरी पॅडच्या कचऱ्याबरोबर वेगळे द्या.

घरी रुग्णसेवा देणारी नर्स, इंदिरानगर

डब्याबद्दल. कपडे धुण्याच्या लिक्विडचा किंवा फिनाइलचा जाड, अपारदर्शक, फिरकीच्या झाकणाचा डबा घ्यावा. बुडाशी त्रिकोणात २ आकडा असेल तर ते हवं ते प्लास्टिक. पाण्याच्या बाटलीवर १ असतो; ती पातळ, बाजूने सुई आरपार येते. शिवाय त्या बाटलीला भंगारात भाव आहे, म्हणजे ती वेचून उघडली जाणारच. काचेची बरणी फुटते. पत्र्याच्या डब्याचं दाबाचं झाकण जरा चेपलं की उडतं.

डबा धुऊन ठेवण्याआधी तोंड तपासा. टोपणासकट पेनची सुई अरुंद तोंडातून जात नाही आणि मग लोक ती बोटाने आत ढकलतात. तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा, झाकणावरून चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्यायचे, मराठीत आणि हिंदीत ठळक लिहायचं: "वापरलेल्या सुया. उघडू नका." लिहिण्याचं काम डबा रिकामा असतानाच उरका.

पॅथॉलॉजी लॅब, पंचवटी

दवाखाने घरच्या सुया का घेत नाहीत, ते सांगतो. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक पिशवी-डब्याला बारकोड लागतो, कचऱ्याची रोज नोंद होते, आणि रक्ताने माखलेल्या कापसासारखा प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. ही सगळी जबाबदारी त्या दवाखान्याची. बाहेरून आलेला डबा घेतला की त्यात काय आहे याचाही जबाब त्यांनाच द्यावा लागतो. नकार बहुतेक वेळा या भीतीपोटी असतो, माणुसकी नसते म्हणून नाही.

त्यामुळे मागणी त्यांना झेपेल अशी करा. लहान क्लिनिकचा पांढरा डबाच लहान असतो. तुमचा पाच लिटरचा कॅन त्यात जाणार कसा? अर्धा लिटरचा डबा न्या. जिथे तुमचं औषधपाणी नेहमी चालतं, तिथेच विचारा. दवाखान्याचा कचरा नेणारी गाडी कोणत्या दिवशी येते ते कंपाउंडरला विचारून त्याच दिवशी सकाळी द्या, म्हणजे त्यांच्याकडे तो पडून राहत नाही. आत फक्त सुया आणि सिरिंज हव्यात. काचेच्या अँप्युल आणि व्हायल, म्हणजे औषधाच्या कुप्या, दवाखान्यात निळ्या डब्यात जातात, म्हणून त्या वेगळ्या बांधा. गोळ्या, मलमं, बॅटरीचे सेल त्यात सापडले तर पुढच्या वेळी दार बंद होईल.

घरी येऊन रक्त घेणाऱ्या मुलाने त्याची सुई परत न्यायलाच हवी. ती लॅबची आहे. तो ती तुमच्या डस्टबिनमध्ये टाकत असेल तर तिथल्या तिथे थांबवा.

स्वच्छता विभागात काम केलेला, सातपूर

गाडीवर काय होतं ते बघा. सुई जातेच मुळी ओल्या कचऱ्याच्या पिशवीतून, चहाच्या चोथ्यात आणि भाजीच्या देठांत दडून. पिशवी फाडून ओला-सुका वेगळा करणारा हात तिथे आंधळेपणाने चाचपत असतो. हातमोजे असले तरी सुईपुढे टिकत नाहीत. पुढे कॉम्पॅक्टरमध्ये दाब बसला की चिकटपट्टी नसलेलं झाकण उडतं आणि डबा बंद केल्याचा उपयोग संपतो. खत प्रकल्पावर निवडायला बसलेल्या बाईच्या पुढ्यात मग सुट्या सुया येतात. पर्याय नसेल आणि डबा गाडीतच द्यावा लागला, तर पिशवीत कोंबू नका. हातात द्या आणि तोंडाने सांगा, "दादा, सुया आहेत." गाडीच्या मागच्या भंगाराच्या पोत्यात तो जात नाही ना, हे उभं राहून बघा.

वकील, नाशिक रोड

२०१६ च्या घनकचरा नियमांत घरातल्या वापरलेल्या सुया-सिरिंज "घरगुती घातक कचरा" म्हणून स्पष्ट लिहिल्या होत्या, आणि दर २० चौरस किलोमीटरला असा कचरा जमा करायचं एक केंद्र सांगितलं होतं. आपल्या महापालिकेचं क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर, म्हणजे किमान तेरा केंद्रं.

नुसतं "कचरा उचलत नाहीत" असं लिहिलं तर ती घंटागाडीची तक्रार ठरते आणि गाडी आली की निकाली निघते. आपल्या विभागीय कार्यालयात स्वच्छता निरीक्षकाच्या नावे लेखी विचारा: माझ्या प्रभागासाठी घरगुती घातक कचऱ्याचं केंद्र कुठे आहे, कोणत्या वेळी उघडं असतं, तिथून पुढे सुया कोणाकडे जातात? अर्जाची पोच घ्या. उत्तर आलं नाही तर हेच तीन प्रश्न माहिती अधिकारात घाला. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस.

सोसायटीचे सचिव, पाथर्डी फाटा

घरटी डबा दवाखान्यात नेणं वयस्कर मंडळींना जमत नाही. आमच्याकडे वॉचमनच्या केबिनमध्ये कुलपाची पेटी आहे, लहान मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर. सीलबंद, नाव लिहिलेले अर्धा लिटरचे डबेच तिथे ठेवायचे. सुट्या सुया घेत नाही आणि एका डब्यातून दुसऱ्यात ओतणं पूर्ण बंद. महिन्यातून एकदा जवळच्या क्लिनिकशी ठरवून सगळे एकत्र जातात.

फॅमिली डॉक्टर, सिडको

सुई टोचली तर जखम पिळायची नाही, तोंडात घालायची नाही. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची आणि लगेच सिव्हिलला जायचं. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, दोन तासांत मिळालं तर उत्तम. एचआयव्हीबाधित माणसाच्या सुईने लागण होण्याची शक्यता ०.३ टक्क्याच्या आसपास असते. हेपॅटायटिस बीची मात्र लस न घेतलेल्याला ३० टक्क्यांपर्यंत, आणि तो विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. सोसायटीच्या सफाई कामगारांना आणि घरी कचरा काढणाऱ्या मावशींना या लशीचे तीन डोस सोसायटीने स्वखर्चाने द्यावेत: आज, एका महिन्याने आणि आजपासून सहा महिन्यांनी. तिसरा डोस हमखास राहतो, त्याची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा.