फोटोग्राफरचा आवडता विषय मनातून येतो, की जवळ असतो म्हणून आवडायला लागतो?

घोडबंदरकर

आमच्या ठाण्याच्या फोटोग्रुपवर एका नव्या मुलाने विचारलं की मी नेमका कुठला विषय धरू, आणि सगळ्यांनी त्याला एकच सांगितलं, जे मनापासून आवडेल ते काढ. मला हे उत्तर पटत नाही म्हणून इथे लिहितोय.

माझं मत असं की विषय मनात आधीपासून नसतोच. जे घराजवळ आहे, जे आपल्या लेन्समध्ये मावतं, जे रविवारी जेवणाच्या आत उरकतं, ते आपण काढायला लागतो आणि काही वर्षं तेच काढत राहिलं की मग ओढ लागते. ठाण्यात मॅक्रोवाले, म्हणजे बारीक गोष्टी अगदी जवळून काढणारे, एवढे का, तर येऊरचं जंगल दारात आहे, पहिला पाऊस पडला की किडे, कोळी, बेडूक सगळं हजर, आणि घोडबंदरला ओवळेकर वाडीत रविवारी फुलपाखरं बघायला मिळतात. नौपाड्यातला माणूस पाडव्याच्या शोभायात्रेचे फोटो काढतो कारण ती त्याच्या घराखालून जाते. तिकडे खाडीपलीकडे फ्लेमिंगो आहेत म्हणून फ्लेमिंगोवाले. ज्याच्याकडे फक्त कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ची किट लेन्स आहे तो पक्ष्यांचा फोटोग्राफर होणारच नाही, त्याचं मन काहीही म्हणो, लांबचं जवळ आणणारी १५०-६००ची लेन्स घ्यायची तर लाखाच्या आसपास मोजावे लागतात.

मी मॅक्रो लेन्स घेतली तेव्हा फुलपाखरांमधलं मला काही कळत नव्हतं. आज ब्लू मॉरमॉन दिसलं की मी आधी जवळपास लिंबाच्या कुळातलं झाड शोधतो, कारण अंडी तिथे असणार. हे प्रेमच आहे, पण ते लेन्सनंतर आलं, आधी नाही.

प्रागचा जोसेफ सुदेक बघा. पहिल्या महायुद्धात उजवा हात गेला, पुढे नाझींच्या काळात मोठा कॅमेरा घेऊन रस्त्यावर फिरणं अवघड झालं, तर १९४० पासून १९५४ पर्यंत त्याने आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढले. काचेवरचं दव, बाहेरचं वाकडं झाड, बस. जगातल्या सगळ्यात सुंदर फोटोंमध्ये ते मोजतात. खिडकी त्याने निवडली होती का?

पाणथळ_नेरुळ

हो, निवडली होती! त्या काळात प्रागमध्ये खिडकी सगळ्यांकडेच होती की, दव फक्त त्यालाच दिसलं. तुम्ही जवळ असणं आणि दिसणं यांत फार गल्लत करताय दादा.

आमच्याकडे नवी मुंबईत पाम बीच रोडवर टॉवरमध्ये राहणारी हजारो माणसं आहेत, बाल्कनीतून फ्लेमिंगो दिसतात, त्यांतले बहुतेक कधी वळूनही बघत नाहीत. आणि दुसरीकडे डोंबिवलीहून, बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून, ठाण्याला गाडी बदलून सीवूड्सला येणारी माणसं मला दर सीझनला भेटतात. जवळ असल्याने विषय मिळत असता तर हे उलटं असायला हवं होतं.

पक्षी का, असं मला कोणी विचारलं तर मी सांगते की मला हे पक्षी ज्या हिशोबाने जगतात तो हिशोब आवडतो. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरतात, भरती आली की चिखल पाण्याखाली जातो मग उडून आमच्या नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींवर येऊन उभे राहतात, त्यामुळे इथे फोटो काढायचा तर घड्याळाआधी भरतीचं वेळापत्रक बघावं लागतं. त्यांचा गुलाबी रंगसुद्धा खाण्यातून येतो, शेवाळासारखं जे सूक्ष्म काही ते गाळून खातात त्यातून. हे कळल्यावर नुसता रंग टिपून घरी जाववत नाही.

आणि एक सांगते, विषय धरला की तो आपल्याकडून कामं करून घेतो. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळींना मिळणारा रामसरचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, पण पक्षी भरतीला जिथे येऊन बसतात त्या आजूबाजूच्या तलावांना आपोआप ते संरक्षण मिळत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरुळच्या तलावात भरतीचं पाणी येईना, पक्षी मरायला लागले, तेव्हा इतकी वर्षं काढलेले फोटो लोकांनी पुरावा म्हणून पुढे केले, की बघा याच जागी याच महिन्यात पाणी असायचं आणि एवढे पक्षी असायचे. नुसतं परवडतं म्हणून काढणारा माणूस त्या उन्हात उभा राहिला नसता.

मांडववाला_कळवा

तुम्ही दोघंही हौशी आहात म्हणून आवड की सोय असं बोलू शकता. ज्याचं घर कॅमेऱ्यावर चालतं त्याला विषय गिऱ्हाईक देतं. तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन सुरू, मग लग्न, साखरपुडा, बारसं, मुंज, जे येईल ते.

मोठ्या लोकांचंही तसंच होतं. पॅरिसचा अ‍ॅटजे, जुन्या गल्ल्या, जिने, दुकानांच्या काचा काढत फिरला, आज त्याला थोर म्हणतात, पण तो चित्रकारांना आणि संग्रहालयांना संदर्भ म्हणून फोटो विकायचा, तो धंदा होता. होमाई व्यारावाला मुंबईत मैत्रिणींचे, सहलींचे फोटो काढत होत्या, १९४२ मध्ये ब्रिटिश माहिती खात्याच्या नोकरीसाठी दिल्लीला गेल्या आणि तिथे समोर नेहरू, माउंटबॅटन, फाळणीच्या बैठका आल्या. नोकरी दुसऱ्या गावाला लागली असती तर आज वेगळेच फोटो असते.

पण यात एक गोष्ट आहे जी तुमच्या दोघांच्या बोलण्यात आली नाही. मिळालेल्या कामाच्या आत माणूस आपला विषय शोधतोच. मंगलाष्टकं चालू असताना सगळे कॅमेरे नवरा-नवरीवर असतात, मी एक कॅमेरा मुलीच्या मामावर ठेवतो. तो मागे उभा असतो, त्याला काही काम नसतं, फोटो कोणी काढत असेल असं त्याच्या मनातही नसतं, आणि शेवटच्या ‘सावधान’ला त्याच्या तोंडावर जे येतं ते मला दुसरीकडे कुठे मिळालं नाही. गिऱ्हाईकाने हे मागितलेलं नसतं, अल्बममध्ये बहुतेक वेळा एकच फोटो जातो. पण माझ्याकडे मामांचे फोटो साठत गेलेत. हे सोयीने झालं म्हणा किंवा मनातून, मला लग्नाच्या सुपारीशिवाय ते दिसलंच नसतं.

घोडबंदरकर

मांडववाले, तुमचा मामा माझीच बाजू घेतोय. आधी कामाने तुम्हाला मांडवात नेलं, मग मामा दिसला.

पाणथळताई, डोंबिवलीहून येणाऱ्यांचा मुद्दा चांगला आहे पण ते सगळे फ्लेमिंगोसाठीच का येतात ते पण बघा. त्याच चिखलात छोटे चिखले, तुतारी असे लहान पक्षी असतात, हजारो मैल उडून आलेले, त्यांच्याकडे किती लेन्स वळतात? फ्लेमिंगो मोठा आहे, गुलाबी आहे, पोस्ट केला की लगेच वाहवा. मला वाटतं तिथे आवडीपेक्षा वाहवा जास्त काम करते.

रात्रपाळी_महापे

मग वाहवा मिळाली तर बिघडलं कुठे? मी महापेला रात्रपाळी करतो, फोटो काढायला मिळतात ते पहाटे सुटल्यावर, ठाणे-बेलापूर रोडवरचे ट्रक, चहाची टपरी, कंपन्यांच्या गेटवर पेंगणारे सिक्युरिटीवाले. फोन सोडून माझ्याकडे काही नाही. पहिला फोटो टाकला तेव्हा अनोळखी लोकांनी लिहिलं की आमचे बाबा अशीच ड्युटी करायचे. ते वाचलं नसतं तर मी दुसरा काढला नसता. आपण काढलेलं कोणाच्या तरी उपयोगाचं आहे हे कळल्यावर माणूस तोच विषय पुन्हा काढतो, यात कमीपणा काय आहे. उगाच कलाकार म्हणजे एकटा, त्याला कोणाची पर्वा नाही, हे मला खोटं वाटतं.

पाणथळ_नेरुळ

खोटं नाही ते. शिकागोची व्हिवियन मायर मुलं सांभाळायची नोकरी करायची, लाखाच्या वर निगेटिव्ह निघाल्या तिच्या, रस्त्यावरची माणसं, मुलं, स्वतःची आरशातली प्रतिबिंबं, आणि तिच्या हयातीत जवळजवळ कोणी बघितल्या नाहीत, कित्येक रोल तर तिने धुतलेसुद्धा नव्हते. तिला कोणाची वाहवा मिळत होती?

तुतारीचं म्हणाल तर मान्य नाही, आमच्यातले बरेच जण फ्लेमिंगोने सुरुवात करून दुसऱ्या सीझनला तुतारीवरच येतात.

खाडीवाली_करावे

बराच वेळ वाचतेय, आता राहवत नाही. माझ्या घरापासून खाडी हाकेच्या अंतरावर आहे, फ्लेमिंगो लहानपणापासून बघतेय आणि मी त्यांचा एकही फोटो काढलेला नाही, काढावासा वाटलाच नाही. तेव्हा घोडबंदरकर, जवळ असलं की विषय होतो हे तुमचं गणित माझ्यावर लागू पडत नाही.

मी गावातली जुनी घरं काढते, जाळी विणणारे म्हातारे, सुकट घालणाऱ्या बाया, होड्या, गावदेवीची जत्रा. का काढते ते सांगते. १९७० ला सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी आली, ठाणे आणि रायगडमधल्या ९५ गावांच्या जमिनीवर हे नवी मुंबई शहर उभं राहिलं, मिठागरं गेली, भातशेती गेली. आमच्या घरात त्या शेताचा एक फोटो नाही. आजोबांचा आहे तो लग्नातला, स्टुडिओत खुर्चीवर बसवून काढलेला, मागे रंगवलेला पडदा. शेत कसं होतं, बांध कुठे होता, हे आजी हाताने हवेत दाखवायची. शहराचे नकाशे आहेत, आराखडे आहेत, आर्किटेक्टच्या मुलाखती आहेत, पण शेतात उभा असलेला आमचा माणूस कुठे दिसत नाही. माझा विषय तिथून आला, फोटो नाहीत म्हणून. कोणीच काढलं नाही तर उद्या माझी मुलगीपण हवेतच हात फिरवेल.

आणि नारळी पौर्णिमेला जे फोटोग्राफर येतात ना, नऊवारी आणि सोनं घातलेल्या बाया शोधत, त्यांना आमचा विषय आवडतो असं मी मानत नाही. त्यांना रंग आवडतो. दुसऱ्या दिवशी त्याच बाई मार्केटमध्ये पाटी घेऊन बसतात, तिथे कॅमेरा येत नाही.

मांडववाला_कळवा

ताई, हे वाचून सुधारक ओलवे आठवले. वर्तमानपत्रातले फोटोग्राफर, पण मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं काढले, गटारात उतरलेल्या माणसांचे, त्यांच्या घरचे. ते त्यांना कुठल्या बातमीने दिलं नव्हतं. २०१६ ला पद्मश्री मिळाली. माझं गिऱ्हाईकाचं तत्त्व तिथे तोकडं पडतं हे खरं, पण पोटाचं काम चालू ठेवूनच त्यांनी ते केलं हेही खरं.

रात्रपाळी_महापे

पण ताई, बाहेरच्याने काढूच नये असं म्हणायचं आहे का तुम्हाला? साल्गादो ब्राझीलचा, कॉफीच्या संस्थेत अर्थतज्ज्ञ होता, कामासाठी आफ्रिकेत जाताना बायकोचा कॅमेरा घेऊन जायचा, त्यातून नोकरी सोडली आणि जगभरचे मजूर, स्थलांतरित काढले, ते त्याच्या गावचे नव्हते. पुढे रवांडातला नरसंहार बघून इतका खचला की कामच थांबवलं, वडिलांच्या उजाड जमिनीवर बायकोबरोबर झाडं लावली आणि मग जंगलं, प्राणी, बर्फ काढायला गेला. म्हणजे विषय तर आयुष्यात बदलतोसुद्धा. आपल्याच गावाचं काढायचं असा नियम केला तर मी महापेचे ट्रकसुद्धा काढायला नको, माझं गाव सोलापूरकडे आहे.

खाडीवाली_करावे

काढू नये असं कुठे म्हटलं मी. साल्गादो लोकांसोबत आठवडे-महिने राहायचा, हा फरक आहे. तू पण त्याच ट्रकवाल्यांबरोबर पहाटे चहा पितोस, तुझे फोटो मी बघितलेत, त्यात ते दिसतं. माझा राग सकाळी येऊन दुपारी परत जाणाऱ्यांवर आहे.

घोडबंदरकर

तुमचं कारण मनाला लागलं ताई, पण मला एकच सांगा. तुम्ही कराव्यात जन्मलात म्हणून हा विषय तुमचा झाला. नौपाड्यात जन्मला असता तर शेताचा फोटो नाही हे दुःखच नसतं आणि तुम्हीही शोभायात्राच काढली असती. मग शेवटी जागेनेच ठरवलं ना?

खाडीवाली_करावे

नाही. जागेने शेत दिलं, पण काय गायब आहे ते बघायची सवय जागेने दिलेली नाही, माझ्या चुलतभावंडांनी तीच जागा बघितली आणि त्यांतलं कोणी हे काढत नाही. ठाण्यात जन्मले असते तर शोभायात्रा नक्कीच काढली नसती, तिचे फोटो हजारो लोक काढतातच. मी वागळे इस्टेटला गेले असते. तिथले कारखाने एकेक करून बंद झाले, जागेवर ऑफिसं आणि टॉवर आले, पण त्या कारखान्यांत तीस-तीस वर्षं मशीनवर उभे राहिलेले लोक अजून ठाण्यातच राहतात, लोकमान्यनगरला, सावरकरनगरला, किसननगरला. त्यांचे कामावरचे फोटो कोणाकडे आहेत ते आधी घरोघरी जाऊन विचारलं असतं. त्या नव्या मुलाला सांगा, त्याला विषय हवाय ना, तर तिथे अजून कोणी हात घातलेला मला दिसलेला नाही.