मदत हवी आहे: ज्यू शेजाऱ्यांकडे जेवायला काय न्यावं? (अर्जंट)

सई_ठाणे: उद्या संध्याकाळी शेजारच्या काकूंकडे सणाचं जेवण आहे. बेने इस्रायली, म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू आहेत. पुरणपोळ्या चालतील ना? लवकर सांगा, डाळ भिजवायची आहे.

आगाऊ_कोकणी: सण कुठला ते सांगाल का? पुरिम असेल तर बिनधास्त न्या. त्याला ते होळीचा सणच म्हणतात.

सई_ठाणे: अहो, एप्रिलमध्ये कुठला असणार! घरातला पाव, बिस्किटं सगळं कामवाल्या ताईंना देऊन टाकलंय त्यांनी.

फिरस्ता: मग पेसाख. ज्यूंच्या पूर्वजांना इजिप्तच्या गुलामीतून निघताना पीठ फुगायलाही सवड नव्हती, म्हणून आठ दिवस खमीर (आंबलेलं पीठ) बंद (इस्रायलात सात). भिजवलेली कणीकही आंबू शकते, म्हणून पोळी मुळीच नको. भातही नाही खात. न्यू जर्सीत माझ्या ज्यू बॉसकडे पाहिलंय.

पनवेलकरीण: तुमचे बॉस अश्केनाझी, म्हणजे युरोपातल्या परंपरेचे ज्यू असतील. आम्ही बेने इस्रायली, आमच्याकडे पेसाखला भात असतोच. सई, घरून शिजवलेलं काहीच नेऊ नकोस, त्यांची भांडीसुद्धा वेगळी काढलेली असतात. पेढे-बर्फीही नको. मटण असणार, आणि मटणाबरोबर दूध चालत नाही. म्हणून तर रस्सा नारळाच्या दुधात करतो. अख्खी फळं ने.

फिरस्ता: म्हणजे बॉस खोटं बोलला?

पनवेलकरीण: त्याच्या घरची रीत त्याला, आमच्या घरची आम्हाला.

खादाड_खवय्या: मलिदा न्या की! भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या ठिकाणी खाल्लाय, अफलातून.

पनवेलकरीण: मलिदा नवसाला, लग्नाला. उद्या सेदर, म्हणजे पेसाखचं विधीचं जेवण आहे, तिथे त्याचं काय काम? सई, मुलं येणारेत का?

सई_ठाणे: दोन आहेत. का?

पनवेलकरीण: मग घरून थोडं खाऊ घालून ने. आधी हगादा (इजिप्तमधून सुटकेची कथा) वाचतात, घरातलं धाकटं पोर चार प्रश्न विचारतं, मग मात्झा (न फुगवलेली रोटी), कडू पाला, खजुराचा शिरा (पाक, रव्याचा नव्हे). पानं वाढेपर्यंत उशीर होतो. वाइनच्या जागी काळ्या मनुकांचं सरबत असलं तर मुलांनाही मिळेल.

सई_ठाणे: बरं, फळं आणते. पण सासूबाईंनी डाळ भिजवलीसुद्धा.

आगाऊ_कोकणी: आमटी करा.

कॅमेरावाला: ठाण्यातलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) १८७९ चं आहे ना? शनिवारी सुट्टी असते, तेव्हा आत फोटो काढू देतील का?

पनवेलकरीण: शनिवारी?? शब्बाथला, आमचं सगळं काम बंद असतं त्या दिवशी? रायगडात आमच्या लोकांना शनवार तेली का म्हणायचे ते आधी शोधा.