पार्किंग लाइट लावताच फ्यूज उडतो

प्रश्न: हॅचबॅक गाडी आहे. पार्किंग लाइट लावले की १० अँपिअरचा फ्यूज लगेच उडतो. हेडलाइट, ब्रेक लाइट ठीक. शॉर्ट कसा शोधू?

उत्तर १: नवे फ्यूज जाळत बसू नका. या सर्किटचे बल्ब काढा, नंबर प्लेटचाही. फ्यूजच्या जागी १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब वायरने जोडून स्विच लावा. भगभगीत पेटला तर शॉर्ट नक्की. पण करंट पावणेदोन अँपिअरवर अडतो, वायर वाचते. आता एकेक कनेक्टर सुटा करा. बल्ब विझला की दोष त्याच फाट्यावर.

उत्तर २: हॅचबॅकला आधी डिकीच्या बिजागरीजवळचं रबरी बूट (वायरवरचं रबरी नळीसारखं आवरण) सरकवून बघा. झाकण उघडून-मिटून नंबर प्लेटच्या वायरचं इन्सुलेशन तिथेच चिरतं आणि तांबं बॉडीला टेकतं. नुसती टेप नको. तेवढ्याच जाडीची लवचीक वायर सोल्डर करून वर हीट-श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

प्रश्नकर्ता: मल्टिमीटरने चालेल?

उत्तर १: चालेल, बॅटरीची निगेटिव्ह काढून रोध मोजा. बल्ब मात्र बाहेरच हवेत. थंड फिलामेंटचा रोध इतका कमी असतो की शॉर्टच वाटतो. आणि २० अँपिअरचा फ्यूज कृपया घालू नका, मग फ्यूजआधी वायर वितळते.