मदत हवी आहे : चक्कर थांबली, पण डोळे मिटले की आईचा तोल जातो

नमस्कार.

आईचे वय ६८ आहे. चैत्रात एके सकाळी अंथरुणातून उठताना तिला अचानक गरगरू लागले, घर फिरते आहे असे ती दोन दिवस म्हणत राहिली आणि उलट्यांनी बेजार झाली. कानाच्या डॉक्टरांनी उजव्या कानातून मेंदूकडे तोलाची खबर नेणाऱ्या नसेला सूज आल्याचे निदान केले. एमआरआयमध्ये काही निघाले नाही, ऐकू व्यवस्थित येते, मधुमेह नाही आणि बी-१२ही ठीक आहे.

आता साडेतीन महिने झाले. गरगरणे थांबले आहे, परंतु तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तिचा एक हात आपोआप नळाकडे जातो, गादीवर उभे राहून मच्छरदाणीची दोरी बांधणे तिने सोडून दिले आहे आणि रात्री वीज गेली की ती आहे तिथेच खाली बसते. मागच्या चतुर्थीला आरतीनंतर स्वतःभोवती प्रदक्षिणा घालताना ती भिंतीवर आदळली. तेव्हापासून देवळात जाणेही बंद आहे.

परवा तिला पाय जुळवून उभे केले, धाकट्या भावाला मागे थांबवले आणि मी खाली बसून तिची पावले पाहिली. डोळे उघडे होते तोवर पावलांवरच्या शिरा किंचित उचलत आणि पुन्हा बसत होत्या. डोळे मिटताच दहाही बोटांनी फरशी घट्ट धरली, त्यांची टोके पांढरी पडली आणि चौथ्या सेकंदाला ती उजवीकडे कलंडली. उभे राहणे म्हणजे काहीच न करणे, असे मी आजवर समजत होते.

डोळे, आतला कान आणि तळपाय-घोट्यांची जाणीव या तिन्हींवर तोल चालतो, इतके वाचून समजले आहे. एका कानाने दगा दिला असताना सरावाने तोल परत येतो का? डोके हलवल्यावर तिला थोडी घेरी येते. तरीही सराव करून घ्यावा का? भावाचे म्हणणे, विश्रांतीच द्यावी. चक्करेची गोळी अजून दिवसातून तीनदा सुरू आहे, कारण बंद करा असे कोणी सांगितलेले नाही.

प्रतिसाद

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आपल्या भावाची काळजी समजते, पण पहिले काही दिवस सोडले तर विश्रांतीने नुकसानच होते.

आपण पाहिलेल्या त्या शिरांपासून सुरुवात करू. उभ्या माणसाचा भार घोट्यांच्या थोडा पुढे पडतो, त्यामुळे पोटऱ्या त्याला सतत मागे ओढत असतात आणि शरीर क्षणभरही स्थिर नसते. लहान डोलणे घोटे सावरतात, त्याहून मोठे कंबर सावरते आणि तेही पुरले नाही तर पाऊल टाकावे लागते. आईंनी बोटे रोवून पाय ताठ केले, म्हणजे घोट्यांना मोकळेपणाने सावरण्याची संधीच ठेवली नाही.

डावा आणि उजवा कान आता वेगवेगळी बातमी देतात. तिचा मेळ मेंदू नव्याने घालू शकतो, मात्र त्यासाठी चूक त्याच्यापर्यंत पोहोचली पाहिजे. म्हणूनच सौम्य घेरी आणणारी हालचाल हाच इथे उपचार असतो. १९४०च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथोर्न आणि कुक्सी यांनी असे व्यायाम बसवले, त्यांचीच सुधारलेली रूपे आम्ही आजही देतो. हाताच्या अंतरावर धरलेल्या कार्डावरचे एक अक्षर स्पष्ट दिसत राहील इतक्याच वेगाने डोके डावी-उजवीकडे फिरवायचे. हे दिवसातून किमान तीनदा, सगळे मिळून वीस मिनिटे. उभे राहण्याचा सराव खोलीच्या कोपऱ्याकडे पाठ करून, पुढे जड खुर्ची ठेवून करावा. आधी पाय जुळवून, मग एका पावलापुढे दुसरे; आधी डोळे उघडे, मग मिटून; घडी घातलेली गादी सर्वांत शेवटी. भिंतीला एका बोटाचा नुसता स्पर्श झाला तरी डोलणे कमी होते, कारण मेंदूला त्यातून शरीर कुठे आहे ते कळते. तोही स्पर्श हळूहळू सोडवावा. वाढलेली घेरी साधारण पंधरा-वीस मिनिटांत शमली नाही, तर सराव कमी करावा.

गोळीबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा, स्वतः बंद करू नका. चक्कर दाबणाऱ्या बऱ्याच गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास मेंदूचे हे जुळवून घेणे लांबते. अंथरुणात कूस बदलताना काही सेकंद गरगरते का, हेही आईंना विचारा. तसे असेल तर कानातले कण जागचे सुटलेले असू शकतात आणि त्याचा उपाय निराळा आहे. बोलणे अडखळणे, एकाचे दोन दिसणे किंवा हातापायातली शक्ती जाणे, यांपैकी काहीही झाले तर तडक रुग्णालय गाठा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. डॉक्टरांनी गोळी टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितली आहे. कूस बदलताना तिला त्रास होत नाही. काल स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ती डोळे मिटून सात सेकंद उभी राहिली, मात्र बोटे अजून फरशी धरतात. ती सैल सोडायला कसे शिकवावे? आणि गणपती महिन्यावर आले आहेत. आरतीनंतरची प्रदक्षिणा तिला खुर्चीला हात लावून घालू द्यावी का, की यंदा नकोच?