प्रतिसाद: न निवडलेलं आणि निवडलेलं

सॉफ्टवेअरबद्दलचं ‘पर्याय वाढवल्याने बिघडतं काय, ज्याला नको त्याने सेटिंगमध्ये फिरकू नये’ हे म्हणणं अर्धंच पटतं. चालू-बंदची दहा बटणं म्हणजे १०२४ कॉम्बिनेशन्स, ती सगळी कोणीही तपासत नाही. पण ते सोडा, खरी गोची सेटिंग साठवण्यात होते.

बरेच प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडताच सगळ्या डिफॉल्ट (कोणी काही निवडलं नाही तर आपोआप लागू होणाऱ्या) किमती सेटिंगच्या फाइलीत लिहून टाकतात. पुढच्या आवृत्तीत डिफॉल्ट फॉन्ट १२ चा १४ केला, तर जुन्या फाइलीतला १२ वापरणाऱ्याने निवडलेला की आपोआप आलेला, हे कळायला मार्गच उरत नाही. मग एकतर सुधारणा जुन्या लोकांपर्यंत पोचत नाही, नाहीतर अपडेट सरसकट सगळं बदलतो आणि ‘माझी सेटिंग उडाली’ म्हणून बोंब होते. म्हणून फाइलीत फक्त हात लावलेलंच लिहावं. नोंद नाही म्हणजे डिफॉल्ट. कोणी मुद्दाम १२ निवडला असेल तर तोही लिहायचा, डिफॉल्टशी जुळतो म्हणून गाळायचा नाही (ही चूक हमखास होते). जीनोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपची सेटिंग साठवणाऱ्या जीसेटिंग्जमध्येही ‘रीसेट’ केल्यावर डिफॉल्ट किंमत लिहिली जात नाही, वापरणाऱ्याची नोंदच काढून टाकली जाते.